बागबाजारात झोपलेला बोर्गी

१२ जाने., सोम.
भावोजींच्या बदलीमुळे ताई कोलकात्यात, म्हणून आलो. चार दिवसांसाठी, ते राहिलोच. आता विद्यापीठात मास्तर! विभागप्रमुख मॅडम म्हणाल्या, "डिग्रीवाले खूप आहेत. तुम्ही भटकता, ते शिकवा." विषय: शहराचा वारसा, आजच्या कलेतून. पोरांनी बागबाजारचा मराठा खंदक घेतला. खंदक कधीच बुजला, वर रस्ता. बोर्गींना अडवायला खणलेला. बोर्गी म्हणजे आपलेच मराठे स्वार, अठराव्या शतकात बंगाल लुटायला आलेले. आम्हाला शाळेत हे नव्हतं. इथे आया त्यांचं भय घालून पोरं झोपवतात.
तितिर, वर्गातली सगळ्यात तिखट: "दादा, तुमच्या बाजूचं काय म्हणणं?"
बाजूच माहीत नाही.

१३, मंगळ.
ठरलं. अंधारी खोली, चटई, तितिरच्या दीदाच्या, म्हणजे आजीच्या आवाजात ती बोर्गीची अंगाई. बस. शनिवारी प्रदर्शन, त्यावरच पोरांचे मार्क. रेकॉर्डिंग मी करतो म्हटलं. कशाला बोललो…

१४, बुध.
घाटावर होडीतून मूर्तींची माती उतरवत होते, बघत बसलो. तितिरच्या घरी पोचायला उशीर. दीदा मला बघून हसत सुटली. "हा बोर्गी? ह्याला आधी जेवायला घाला!"
गायला मात्र तयार नाही. "समोर मूल नको? थोपटायला पाठ हवी."
तितिर चहाला आत गेली. मीच पडलो चटईवर. गच्चीतलं ऊन. पाठीवर दीदाचा हात. पहिली ओळ, दुसरी…
जाग आली तेव्हा ऊन गेलेलं, चहावर साय. फोन खिशातच. बटण दाबलंच नव्हतं.

१५, गुरु.
पुन्हा गेलो, हात जोडले.
"झोपलास ना? मग झालं की काम."
"पुन्हा झोपतो, दीदा."
"सोंग घेतलेल्यापुढे नाही गात मी."
तितिर माझ्याशी बोलत नाही. ताई म्हणाली, तुझं नेहमीचंच.

१६, शुक्र.
वर्गात सांगून टाकलं. कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं. एकजण म्हणाला, दुसरी आजी शोधू.
तितिर: "नाही. दीदाच. दादा, उद्या खोलीत चटईवर तुम्ही पडा. मी तिला आणते."
मॅडम: "आणि ती गायली नाही तर?"
सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पंख्याकडे.
संध्याकाळी तितिरचा निरोप. दीदा येते म्हणाली. गाणार ते मात्र तो खरंच झोपणार असेल तर.
तेव्हापासून ताईच्या सोफ्यावर सराव चाललाय. डोळे मिटतात. पुढे काही नाही.