पिकण्याची वाट

आई, आज सकाळी डोळ्यांत थेंब घालताना नेम चुकला आणि औषध गालावरून ओघळलं. तुला लिहायचं कितीतरी वर्षं टाळत आले होते, ते आज टाळवेना.

पिंपरीचा औषधांचा कारखाना नवा होता तेव्हाची गोष्ट. तू भोसरीहून पायी जायचीस आणि दिवसभर दिव्यासमोर बाटल्या धरून आत कण दिसतो का ते बघायचीस. तुझ्या नजरेतून कण सुटत नाही, असं मुकादमबाईही म्हणायच्या. घरी मात्र तू उंबऱ्याला ठेचकाळायचीस, बाजूला ठेवलेला तांब्या लवंडायचीस. मी सोळा वर्षांची, तोंडाने फटकळ. एकदा तुझ्या पायाने दुधाचं पातेलं कलंडलं, तेव्हा मी सगळ्यांदेखत म्हणाले, "बाटलीतला कण दिसतो आणि एवढं पातेलं दिसत नाही?" तू फडक्याने दूध टिपत राहिलीस.

मोतीबिंदू असेल, असं आपण घरीच ठरवलं. तो पिकल्याशिवाय काढत नाहीत, हे गावात सगळ्यांना ठाऊक. म्हणून थांबलो. शेवटी बाटलीही दिसेना, तेव्हा मी तुला पुण्याला नेलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, हा काचबिंदू, यात काही पिकत नाही. डोळ्यातला दाब वाढून मागची नस मरत जाते; कडेचं दिसणं आधी जातं, समोरचं शेवटी. "आधी आणलं असतंत तर थेंबांनी नजर राखता आली असती," ते म्हणाले. मेलेली नस परत येत नाही.

बाहेर बाकावर तू पदर सावरत बसली होतीस. "काय म्हनले गं? पिकला का?"

"अजून नाही, आई."

मग रोज सकाळी तू ओट्यावर उन्हाकडे तोंड करून बसायचीस आणि मी तुझी पापणी वर उचलायचे. जरासा पिकलाय, म्हणायचे. तू हसायचीस. "नातवाचं त्वांड दिसंल मग मला." नातू झाला, तुझ्या मांडीवर खेळला. तू बोटांनी त्याचं नाक चाचपायचीस आणि डोळे पिकायची वाट बघत होतीस. वाट बघतच गेलीस. माझ्याने खरं बोलवलं नाही गं.

माझा काचबिंदू वेळेत सापडला. थेंबांनी आहे तेवढी नजर टिकून आहे. पहिल्या तपासणीला दवाखान्यातल्या मुलीने विचारलं होतं, घरात कुणाला डोळ्यांचा आजार होता का?

हा कागद मी थेंबांच्या डब्याखाली ठेवणार आहे. पण एवढं कबूल करते, मी त्या मुलीलाही सांगितलं, आईला मोतीबिंदू होता, पिकायचा राहिला.