लाल नेलपेंटचा ठिपका

रविवार, संध्याकाळ

आत्ताच गोडदेवला आईकडे जाऊन आलेय. डोकं नुसतं भणभणतंय.

सुहासचा, माझ्या धाकट्या भावाचा, एचआयव्हीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, तेव्हापासून त्याचा ग्लास वेगळा. बुडाला लाल नेलपेंटचा ठिपका. गणपतीत शेजारी भांडी देताना आई खूण करते ना, तसा. पोटच्या पोराला! आणि नेलपेंट कुणाचं? त्याच्या बायकोचं, मीनाचं.

"आई, डॉक्टरांनी सांगितलंय ना, उष्ट्यातून होत नाही म्हणून?"

"त्यांचं सांगायला काय जातंय? घरातल्यांची काळजी नको घ्यायला?"

मग मीनाची टेस्ट केली का, असं विचारलं. आई हळूच म्हणते, "तिची कशाला? सोसायटीत कळलं तर?"

अगं, नवरा-बायको आहेत ती! धोका काय ग्लासात आहे? सुहासच्या गोळ्या तरी सुरू झाल्यात. हिची तपासणीच नाही, तर हिला गोळ्या कोण देणार?

मीना मोरीत तो ठिपक्याचा ग्लास वेगळ्या घासणीने घासत होती. मी तिच्या हातातून घेतला, पाणी भरलं आणि सगळं प्यायले. आई केवढ्याने ओरडली, "अगं, काय करतेस!"

उद्या मीनाला सरकारी दवाखान्यात नेतेय. ती हो म्हणालीये. पण आईचं ते ओरडणं कानातून जात नाहीये. इतक्या दिवसांत मीनासाठी त्या घरात असं कुणीच ओरडलं नाही.