कुणग्यातल्या फिक्या रेघा

८ जाने., गुरुवार
आले: माहेरच्या मळ्याचे फोटो, ड्रोनने वरून काढलेले, नग ६, छपाई ३६० रु. नारळ २, ९० रु. फुलपुडी १५.
फोटो लेकीचे, सायलीचे. एम.ए.ला पुरातत्त्व घेतलंय, जुनी शेतं शोधायचीत. भाची म्हणून दादाने उडवू दिलं. वरून आपला मळा म्हणजे गोधडीच, बांधाबांधातला एकेक कुणगा म्हणजे एकेक ठिगळ. कुळीथ उभा, हिरव्यात फिक्या रेघा. सा. म्हणे, खाली जुन्या बांधाचे दगड असले की माती पातळ, ओल टिकत नाही, वरचं पीक फिकं पडतं. म्हटलं, एवढं शिकायला रोज बोरीवलीहून जातेस? आई सांगायची, आधी हा पट्टा उपटा गं, हा आधी वाळतो. कुळीथ उपटणं बायकांचं काम. पुरुषांना त्या रेघा माहीतच नाहीत.

११ जाने., रविवार
दुपारी दोघी फोटो घेऊन बसलो. सर्वांत ठळक रेघेवर तिच्या सरांनी 'प्राचीन बांध' लिहिलंय. हसू आलं. ती दादाची पाइपलाइन! विहिरीवरून नेली तेव्हा मी सातवीत. सा.ने लगेच खोडलं. मग खऱ्या चार रेघांतल्या दोन काढून दिल्या, कुठे तुटतात, कुठे वळतात. आजच्या बांधांशी एकही जुळत नाही.
"आई, झकास! सरांना तूच शिकव."
हे पेपरामागून, "मॅट्रिकला भूगोलात काठावर होती हो."
मग सा.ने विचारलं, मधल्या कुणग्यात दोन रेघा मिळतात तिथे काय आहे? वर काहीच नाही, साधा धोंडाही नाही. पण आमची राखण तिथेच. दर वर्षी कुळीथ घरात आला की मळा सांभाळणाऱ्या राखणदाराला नारळ तिथे द्यायचा. परक्याला जागा सांगायची नाही, बोट दाखवायचं नाही.
बोट नाही दाखवलं. तांदळाचा एक दाणा ठेवला फोटोवर.
"तुझ्यापुरतं हं."
"हो गं."
तिने मोबाइलवर फोटो काढला तेव्हा बोलायला हवं होतं. वाटलं, दाणा म्हणजे काही बोट नव्हे.

२७ जाने., मंगळवार
सा. सरांबरोबर मळ्यात गेली, चार दिवस. दादाने कडेला खणायला हो म्हटलंय, फक्त कडेला. वहिनीसाठी मेतकूट दिलं.

३१ जाने., शनिवार
देवपूजा अर्धी असताना वहिनीचा फोन.
"वन्सं, जागो तुमीच सांगलात मां?"
दादा काल बाजाराला गेलेला. परत येऊन बघतो तर मधल्या कुणग्यात चौकोनी खड्डा, कुळीथ उपटून बाजूला. म्हटलं, मी बोट नाही दाखवलं गं. वहिनी म्हणाली, "ह्या वर्षी राखण खंय देवची, ता तरी सांगा." मागून दादाचा आवाज, ठेव तो फोन.

१ फेब्रु., रविवार
सा. आली ती नाचतच. दीड हात खाली जुन्या बांधाचा दगडी पाया, बरोब्बर कोपरा. "आई, तू म्हणालीस तस्संच निघालं!"
म्हटलं, कडेला ठरलं होतं ना?
"कडेला काही नव्हतं गं. सर म्हणाले, एक दिवस उरलाय. काही मोडलं नाही, मोजून झाकलं परत."
मामाला विचारलंस?
"विचारलं असतं तर नाही म्हणाला असता."
म्हणजे माहीत होतं. परकी असती तर... पोटची आहे. लहानपणी त्याच कुणग्यात तिच्या कपाळाला माती लावली होती मी. जेवायला वाढलं. मी दुसऱ्या खोलीत जाऊन बसले.

५ फेब्रु., गुरुवार
तिचा लेख छापून ठेवलाय टेबलावर. माझा दाणा पानभर मोठा, त्यावर लाल बाण. खाली लिहिलंय, 'स्थानिक महिलेने दर्शविल्यानुसार.'
"नाव घालू का तुझं?" म्हणाली. खुशीत येऊन. तिला वाटतंय मी नावासाठी रुसलेय.
हे म्हणतात, पोरीचं करिअर आहे, वाट लावू नकोस.
पान काढून टाक म्हटलं. "सरांकडे गेलं गं, आता कसं?" दादा फोन उचलत नाही. आज सातव्यांदा.

१२ फेब्रु., गुरुवार
उपास. दादाला पत्र टाकलं, नक्कल इथे:
"ती. दादास साष्टांग नमस्कार. जागा मीच सांगितली. बोटाने नाही, दाण्याने, पण सांगितली. पोरीवर ढकलत नाही. तिने मला फसवलं ते माझं मी बघेन, तुझा विश्वास मोडला तो मी. खड्ड्याची माती बसली असेल तर वरून त्याच कुणग्यातली घाल, बाहेरची नको. फोटोत त्या जुन्या शेताचे बाकीचे तीन कोपरेही मला दिसतात. ते मी कोणाला सांगितलेले नाहीत, सांगणार नाही. राखण त्यांतल्या एकावर हलवायची असेल तर येऊन चालत दाखवेन. नारळ घेऊन ठेवलाय. यायचं की नाही ते उलट टपाली कळव. नाही असेल तरी कळव. फोनवर नको, फोन सा. उचलते."