बाबांच्या किल्लीचा बंदोबस्त

३ जून
बाबांच्या दाराबाहेर आज आकड्यांच्या कुलपाची छोटी पेटी ठोकली. आत घराची एकुलती किल्ली. बाबा एकटे राहतात, काठी टेकत दारापर्यंत यायला त्यांना फार त्रास होतो आणि इन्सुलिन द्यायला सिस्टर रोज सकाळी येते. आजवर किल्ली पायपुसण्याखाली असायची! चोरांना आमंत्रणच. ड्रिल मीच चालवलं. दोन-तीन भोकं जादा पडली, पण भिंत आपलीच आहे.
ताईचा फोन. म्हणाली, नंबर बाबांना सांग, शेजारच्या काकूंनाही देऊन ठेव. ताईला सिक्युरिटीतलं ओ की ठो कळत नाही.

४ जून
नंबर फक्त सिस्टरला दिला. कानात. परत परत म्हणवून घेतला. बाबांनीही विचारलं, पण त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही. दूधवाल्यापर्यंत जाईल. बायकोनेही विचारलं. पेटीच्या माहितीपत्रकात लिहिलंय, गरज असेल त्यालाच सांगा. हिला कसली गरज?

११ जून
सिस्टर पेटी उघडत असताना काकू गॅलरीत उभ्या. कपडे वाळत घालत होत्या म्हणे. नंबर बदलला.

१६ जून
सिस्टर कुरकुरली. मला इतरही घरं असतात, सारखा नवा नंबर कुठे लक्षात ठेवू? म्हटलं, मेंदूला व्यायाम. हसली नाही.
संकल्प: यापुढे दर आठवड्याला बदलायचा. लिहून कुठेही ठेवायचा नाही, इथेसुद्धा नाही.

२२ जून, संध्याकाळ
कहर! सिस्टरने पेटी लावून आकडे फिरवलेच नव्हते. अख्खा नंबर जगासमोर. डोकं तापलं. उभ्या उभ्या नवा टाकला. बाबा आतून कोण आहे, कोण आहे करत होते. गडबडीत आत जायचं राहिलं. सिस्टरला उद्या कळवतो.

२३ जून
सकाळी दाढ काढायला गेलो. फोन बंद. चालू केला तर सिस्टरचे, बायकोचे, ताईचे कॉल.
बाबा बाथरूममध्ये पडले होते. सिस्टर दाराबाहेर. शेवटी काकूंनी सुतार बोलावून दार फोडलं. खुब्याचं हाड मोडलंय.
माझ्या तोंडात कापसाचा बोळा होता, नाहीतर सगळ्यांना नीट समजावलं असतं.

२४ जून
ऑपरेशन झालं. पुन्हा चालतील का, डॉक्टर सांगत नाहीत. ताईला म्हटलं, एका दृष्टीने बघ, पेटी कुणालाच उघडता आली नाही. ती उठून बाहेर गेली.

२६ जून
बाबा आज बोलले. म्हणाले, सिस्टर बाहेर आकडे फिरवत होती ते ऐकू येत होतं. खाली पडल्या पडल्या तुझी जन्मतारीख ओरडून सांगत होतो. वाटलं, मला लक्षात राहील असंच काहीतरी ठेवलं असशील. तिने तीही लावून पाहिली बिचारीने.
जन्मतारीख कधीच ठेवू नये, असं माहितीपत्रकात आहे. ते सांगायला गेलो आणि त्यांची चादरच नीट करत बसलो. फार लाज वाटली.
मग त्यांनी विचारलं, खरा नंबर कोणता होता रे?
खूप आठवून पाहिला. आठवेना.