काचेच्या खोलीतला जावई

अल अमेरात, मस्कत
जुम्मा, दुपार

आदरणीय रशीदमामू यांस,

तुमचा भाचा इक्बाल याचा सलाम. अल्लाच्या मेहेरबानीने आम्ही इथे खुशाल आहोत. तुमच्या गुडघ्यांची चौकशी रहिमा रोज करते (माझ्या गुडघ्यांची करत नाही). मामीची साखर उतरली असेल अशी आशा करतो. हे पत्र गावी निघालेल्या झैनच्या हाती देतोय, कारण ग्रुपवर लिहिलं तर दाभोळपासून दापोलीपर्यंत सगळे वाचतील.

तुमचा रागावलेला आवाज व्हॉट्सअ‍ॅपवर ऐकला. फॅमिली ग्रुपवरच्या त्या व्हिडिओत आमच्या अरमानने एका माणसाला भिंतीवर आपटलं आणि पट्ट्यापट्ट्यांच्या कपड्यांतल्या दोघांनी त्याला नेऊन काचेच्या खोलीत बसवलं, हे तुम्ही पाहिलंत. पोरगा जेलात कधीपासून आहे, साखरपुड्याआधी का सांगितलं नाहीस, असं विचारलंत आणि समरीनचं लग्न मोडलं असं समज म्हणालात. तुमची नात, तुमचा अधिकार. पण मामू, ती जेल नाही. तो आईस हॉकी नावाचा बर्फावरचा खेळ आहे. धक्काबुक्कीला तिथे परवानगी आहे, पण ती नियमाबाहेर गेली की खेळाडूला थोडा वेळ त्या खोलीत बसवतात आणि मग सोडतात. पट्टेवाले पंच आहेत, पोलीस नव्हेत. (रहिमालाही पहिल्यांदा असंच वाटलं होतं. ती त्याच्यासाठी डबा भरून निघाली होती.)

आता हा धंदा आमच्या घरात शिरला कसा ते सांगतो. अरमान शाळेत असताना वर्गातल्या कुणाच्या तरी वाढदिवसाला पोरं मॉलमधल्या बर्फावर खेळायला गेली. बाकीची केक खाऊन घरी आली, आमचा अजून तिथेच आहे. मी इथल्या रुवी बाजारातल्या माझ्या दुकानात त्याच्यासाठी वेगळी खुर्ची आणून ठेवली होती. गाड्यांचे सुटे भाग ओळखायला तो लवकर शिकला असता. पण थंड देशात शिकून आलेल्या एका अर्बाबने, म्हणजे इथल्या मालकाने, संघ काढला आणि अरमानला पगारावर ठेवलं. त्याच्या इथल्या रहिवासी कार्डावर धंदा 'गोदाम सुपरवायझर' असा आहे, म्हणून तुम्हाला तेव्हा तसं सांगितलं होतं. ते खोटं नव्हतं. इथे कार्ड एक सांगतं आणि माणूस दुसरंच करतो. आमचा शेजारी साई कार्डावर सुतार आहे, ऑफिसात हिशेब लिहितो आणि घरी खिळा ठोकायचा झाला तर मला बोलावतो.

लोक मला विचारतात, पोराने गोल किती केले? एकही नाही. तो बचावातला माणूस आहे. गोल करणं हे त्याचं कामच नाही, दुसऱ्याला करू न देणं हे त्याचं काम. हे रुवीत कुणाला पटत नाही, पण तुम्हाला पटायला हरकत नाही. तुम्ही कबड्डीत उजव्या कोपऱ्यावर उभे राहायचात. आयुष्यात कधी चढाई केलीत? तुमच्या पकडीत गुहागरच्या पोराचा खांदा निखळला होता, तरी मामीच्या अब्बांनी मुलगी दिलीच.

बाहेर माणूस भाजून निघतो आणि आत आम्ही स्वेटर घालून बसतो. खेळात चेंडू नसतो, रबराची एक कडक चकती असते. ती गोलाकडे निघाली की अरमान स्वतः आडवा पडतो. बाकीचे बाजूला होतात, याला त्याचेच पैसे मिळतात. मागच्या महिन्यात तीच चकती तोंडावर बसली आणि पुढचा दात पडला. त्याने तो बर्फावरून उचलला, काचेवरून माझ्या हातात दिला आणि परत खेळायला गेला. रहिमा मला म्हणाली, "पोराचा दात पडला नि तुम्ही चाय कसली पिता?" कप माझ्या दुसऱ्या हातात होता, एवढंच. दात मी रुमालात बांधून घरी आणला. तर मुलगा कष्टाचा आहे, निर्व्यसनी आहे आणि दुसऱ्यासाठी मार खातो. जावयात आणखी काय बघतात?

मामीला सलाम, लहानांना दुवा.

तुमचा,
इक्बाल

ता. क. वर लिहिलंय ते सगळं खरं आहे. पण मामू, मला तो खेळ बघवत नाही. चकती निघाली की मी डोळे मिटतो आणि लोकांच्या ओरडण्यावरून पोरगा उठला की नाही ते ओळखतो. मला फार भीती वाटते. तुम्ही त्याला अट घाला: खेळ सोड, दुकानात बस, मगच समरीन. माझं तो ऐकत नाही, तुमचं ऐकेल. हे पत्र खरं तर त्यासाठीच लिहिलं. माझं नाव मात्र सांगू नका.

ता. क. २. पाकीट चिकटवण्याआधी रहिमाने वरचं वाचलं आणि तडक समरीनला फोन लावला. तो व्हिडिओ ग्रुपवर समरीननेच टाकला होता म्हणे, कौतुकाने. ती त्याचा एकही सामना चुकवत नाही. तिच्या मते त्या दिवशी पंचच चुकला, अरमानचं कोपर खालीच होतं. शिवाय तिने बजावलंय की नानांच्या, म्हणजे तुमच्या, धाकाने त्याने खेळ सोडला तर लग्न तीच मोडेल, दुकानदार तर दाभोळातही मिळतात. तेव्हा पहिला ता. क. तुम्ही वाचलाच नाही असं समजा. खाडाखोड केलेलं पत्र तुम्हाला आवडत नाही, म्हणून तसाच ठेवलाय.

ता. क. ३. लग्नाची तारीख हंगाम संपल्यावरची धरा, तोवर दातही बसवून होईल. आणि त्याआधी एकदा इकडे या. तिकीट आणि व्हिसा मी बघतो. सामन्याला माझ्या शेजारी बसा. चकती निघाली की हात धरायला कुणीतरी हवं. रहिमाचा उपयोग नाही, ती उभी राहून पंचाला शिव्या देत असते.