घागरीची कावीळ

दादा, आज सकाळी वरणात हळद घालायची विसरले, आणि ते पांढरंफटक वरण बघून एकटीच हसत सुटले. सून विचारते, "आई, झालं काय?" आता तिला काय सांगू, की माझ्या वडिलांना, म्हणजे तुम्हाला, एकदा कावीळ झाली होती, आणि तुमच्याबरोबर आपल्या घागरीलाही! म्हणून तुम्हालाच लिहायला बसले. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी ही गोष्ट बोलायला मला दुसरं माणूस सुचत नाही.

मी तेव्हा चौथीत. बहात्तरच्या दुष्काळाच्या आधीचं वर्ष. तुम्ही साखर कारखान्याच्या वर्कशॉपात फिटर, आणि आपण कॉलनीतल्या दोन खोल्यांत. तुमचे डोळे पिवळे झाले, भाकरीचा वाससुद्धा नकोसा झाला, तेव्हा आई तुम्हाला नगरच्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं, रक्त तपासलं आणि सांगितलं, यकृताला सूज आहे. विश्रांती घ्या, पाणी उकळून प्या, हात धुऊन जेवा, साधं घरचं खा. मला विचारल्याशिवाय कसली गोळी नाही की कुणाची पावडर नाही. आणि दारू बंद म्हणजे बंद. हे सगळं त्यांनी कागदावर लिहूनही दिलं. तुम्ही विचारलंत, "किती दिस?" ते म्हणाले, "तुम्हाला जगायचंय किती दिवस?" असं आई सांगायची.

पण पुणतांब्याची आत्या, तुमची थोरली बहीण, ती कसली ऐकते! रविवारी माळ घेऊन हजर. कसल्याशा काड्यांचे बारीक तुकडे दोऱ्यात गुंफून केलेलं एवढंसं कडं. ते डोक्यावर ठेवायचं, आणि कावीळ उतरेल तशी माळ वाढत वाढत गळ्यात, मग छातीवर, मग कमरेला येते म्हणे. तोवर घरात हळद वर्ज्य. डोक्यावर ते कडं ठेवून तुम्ही दारात बसलाय आणि मला विचारताय, "नवरदेव दिसतोय का गं?" चार दिवसांत माळ गळ्यात आली, पुढच्या चार दिवसांत कमरेला. आत्यानं मीठमोहऱ्या ओवाळल्या. डॉक्टरांचा कागद फळीवर गेला. कारण गावची जत्रा तोंडावर आली होती, जत्रेच्या मटणाचा रस्सा दरवर्षी तुमच्याच हातचा, आणि रस्सा शिजेपर्यंत चुलवणाशेजारी दोस्तांबरोबर बाटली ठरलेली. "माळ उतरली, कावीळ गेली. आता कोन आडवतंय?" आई पदरानं डोळे पुसत होती. मला एवढंच कळत होतं, की डॉक्टर खरं बोलत असतील तर जत्रेत माझे दादा मरणाला हात लावणार.

आत्यानं एक जादा माळ आणली होती, तुटली तर असू दे म्हणून. ती मी पितळी घागरीच्या तोंडावर ठेवली होती. जत्रेच्या आदल्या सकाळी तुमचा हात धरून तुम्हाला तिथं नेलं. माळ घागरीवरून उतरून पार बुडाशी येऊन पडलेली. तुम्ही बघितलंत, पुन्हा बघितलंत, आणि असे कडाडलात की शेजारीण डोकावून गेली. "बापाची परीक्षा घेती व्हय गं? पोरगी हायेस का पोलीस?" मी भिंतीला चिकटून रडतेय. तेवढ्यात आत्या आली. तिनं वाकून माळ बघितली आणि अगदी गंभीरपणे म्हणाली, "मंग? ह्याच घागरीचं पानी पितूस न्हवं का तू? तिला बी लागली आसंल!"

 मग तुमच्या पोटातून जे हसू आलं, बाई गं! "आक्के, घागरीला कावीळ?" म्हणत तुम्ही खाली बसलात. आई हसतेय, मी रडता रडता हसतेय, आणि आत्या सोडून सगळ्यांची मुरकुंडी वळलीय. हसू ओसरल्यावर तुम्ही फळीवरचा कागद काढलात आणि माझ्या हातात दिलात. "वाच." मी एकेक अक्षर लावत वाचला. तुम्ही मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकलात.

जत्रेला मात्र गेलातच. मला बरोबर घेऊन. दोस्तानं पेला पुढं केला, तेव्हा म्हणालात, "माजी आन् घागरीची कावीळ एकाच टायमाची हाय. तिनं घेतली की मी घेतो." सगळं चुलवण खदखदलं, आणि पुन्हा कुणी आग्रह केला नाही. रश्श्याची चवसुद्धा तुम्ही घेतली नाहीत. "मीठ बघ गं," म्हणून पळी माझ्यापुढं! जीभ भाजली, पण त्या दिवशी माझ्याइतकं मोठं माणूस जत्रेत कुणी नव्हतं. लोक ताट चाटून गेले, आणि तुम्ही दहीभाकरी खाल्लीत.

सूज पुरती कधी गेलीच नाही. ही आता जपायची, असं डॉक्टर म्हणाले. तुम्ही तिला भाडेकरू म्हणायचात. "ऱ्हाऊ दे पोटात, पर दंगा करायचा न्हाई." तेल चमच्यानं मोजून, रोज पाटाच्या कडेनं तासभर चालणं, डोकं दुखलं तरी आधी डॉक्टरांना विचारणं. दर काही महिन्यांनी नगरला रक्त तपासायला जायचो, तेसुद्धा तुम्ही सणासारखं करून टाकलंत. येताना बाजारातून पेरू, आणि एसटीत माझी बडबड. माझ्या लग्नात सनईवाल्यापुढं नाचलात, माझ्या लेकीला बारशाला मांडीवर घेतलंत. काय मजेत जगलात हो तुम्ही!

हे पत्र टाकणार कुठं? राहू दे वहीतच. पण एक सांगायचं राहिलंय. सगळे म्हणायचे, पोरगी कसली हुशार, माळेची परीक्षा घेतली. दादा, मी परीक्षाबिरीक्षा काही घेतली नव्हती. घागर आजारी नाही, तिच्यावरची माळ हलणार नाही, मग तुमची कावीळ खरंच गेली असं ठरेल, म्हणून ठेवली होती. ती उतरताना दिसली तेव्हा कुणाला न सांगता मी दोऱ्याला गाठ मारून ती आखूड केली. दुसऱ्यांदा उतरली, पुन्हा गाठ मारली. तिसऱ्या वेळी तुम्ही बाहेर जत्रेची पातेली घासत शीळ घालत होतात. ती शीळ ऐकवेना, म्हणून तुमचा हात धरला.