बारकी, साहेब आणि नऊ दिवसांचा अबोला

वसमत,
मंगळवार

चि. रविंद्र यास,

ताईचा जयभीम आणि आशीर्वाद. (धाकट्या भावाला आशीर्वाद द्यायची रीत आहे म्हणून दिला, मनापासून अजून निघालेला नाही.) शीतलची दाढ काढली का? काढली असेल तर चार दिवस स्वयंपाक तू कर. आम्ही दोघे ठीक आहोत असं पत्रात लिहितात, पण आम्ही ठीक नाही. तुझे दाजी नऊ दिवस झाले माझ्याशी बोलत नाहीत आणि याला तू जबाबदार आहेस. फोनवर सांगावं तर ‘हां ताई, हां ताई’ करत तू मधेच ठेवून देतोस, म्हणून लिहायला बसले. शेवटपर्यंत वाच.

दाजी पोस्टातून निवृत्त झाले तेव्हा त्यांना करमावं म्हणून तू माशांची काचेची टाकी आणून दिलीस, तिथवर माझी तक्रार नाही. माणूस दिवसभर माशांकडे बघत बसला तरी निदान माझ्या फोडणीत लक्ष घालत नव्हता. पण दिवाळीनंतर तू एसटीच्या कंडक्टरच्या हाती, तेलाच्या कॅनमधून, सिक्लिड माशांची एकोणीस पिल्लं पाठवलीस आणि वर निरोप काय, तर ताईला लेकरांची आवड आहे. तीस वर्षं अंगणवाडी चालवली म्हणून जगातली सगळी लेकरं माझ्याच रजिस्टरात घालायची का? तांदळाच्या दाण्याएवढी ती पिल्लं. टाकीत टाकली असती तर मोठ्या माशांनी एका घासात संपवली असती, म्हणून कपडे धुवायच्या टबात तीन महिने वाढवली. उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून गाळून दिवसातून चार वेळा भरवला, रोज पाणी बदललं, तळाची घाण नळीने ओढून काढली. (एकदा नळी तोंडाने ओढताना ते पाणी घशात गेलं. त्या दिवशी तुझी फार आठवण काढली.) सतरा जगली. त्यातली एक बारकी. खाऊ टाकला की दांडगी पुढे आणि ही मागे, म्हणून हिला वाटीत वेगळं काढून जेवू घालायची मी.

पिल्लं बोटाच्या दोन पेरांएवढी झाली तेव्हा टाकीत सोडायची ठरली. आता नवीन लेकरू अंगणवाडीत बसवायची माझी एक रीत आहे. सगळी एकदम आत लोटायची नाहीत. सगळ्यात भित्रं आधी, एकटं आणायचं, त्याला जागा द्यायची, ते रमलं की मग दुसरं. या रीतीने तीस वर्षांत एकही लेकरू माघारी गेलं नाही. मी टाकीचा दिवा लावला (नवीन लेकरू सगळ्यांना नीट दिसावं म्हणून) आणि बारकीला एकटीला सोडलं. दाजींचा लाडका निळा मासा आहे, त्याला ते साहेब म्हणतात. (जन्मभर साहेबांनी छळलं तरी या माणसाला घरात साहेब लागतोच.) तो कोपऱ्यातल्या दगडाखालून निघाला तो थेट तिच्या अंगावर. टाकीतला दगड न् दगड कुणा ना कुणाच्या मालकीचा असतो हे मला कुणी सांगितलं होतं? माझ्या अंगणवाडीत सतरंजी सगळ्यांची होती. मी जाळी घेईपर्यंत बारकीची अर्धी शेपटी गेली. बाकीचे मासे नुसते बघत होते, मला त्यांचा जास्त राग आला.

मी साहेबाला जाळीच्या दांड्याने एकदाच ढोसलं. त्यावर दाजी म्हणाले, “माझ्या टाकीत आंगणवाडी काहून भरवून राहिलीस?” मी म्हटलं, तुमचा साहेब गुंड आहे. तेव्हापासून जे तोंड मिटलंय ते मिटलंय. भाजीत मीठ कमी पडलं तरी अक्षर काढत नाहीत. तीनदा मुद्दाम कमी टाकून पाहिलं.

शेवटी मासे विकणाऱ्या मोहियोद्दीनभाईंच्या दुकानात गेले. ते कपाळाला हात लावून म्हणाले, “बाई, समदी एकदम सोडायची व्हती, दिवा बंद करून. आन् आधी दगडं हलवायची, म्हंजे जुन्यायलाबी आपली जागा कोन्ती ते कळत न्हाई.” म्हणजे माझी रीत साफ उलटी. एवढं एक वाक्य कंडक्टरजवळ सांगायला तुला काय तकलीफ होती? दगड हलवून, अंधारात, उरलेली सोळा एकदम सोडली आणि सोळाही रमली. पण बारकीला टाकीत सोडून पाहिलं की साहेब अजून तिच्याच मागे लागतो. म्हणून ती परत टबात एकटी पडली आहे, भावंडं नाहीत तर खात नाही. (जखमेला हळद लावावी तर ती पाण्यात पसरते. वसमतसारख्या हळदीच्या गावात राहून हळद कामी आली नाही असं पहिल्यांदाच झालं.) अशीच राहिली तर ती मरेल रे, आणि ते माझ्या हातून झालेलं असेल.

तुझ्यावर मनापासून चिडलेली,
जनकाताई

ता. क. : खरं काम आता लिहिते. रविवारी दाजी थावरा राठोडांच्या मुलीच्या लग्नाला कनेरगाव नाक्याला जाणार आहेत. ते आठला निघतील. तू नऊला झाकणाचा डबा घेऊन ये आणि साहेबाला तुझ्या घरी, डोंगरकड्याला ने. तो उडी मारून बाहेर पडला आणि मांजराने नेला, असं मी दाजींना सांगेन.

आणखी ता. क. : गुडघ्यामुळे मला चालवत नाही, म्हणून पत्र दाजींच्याच हाती पोस्टात देते आहे. घाबरू नको. अडतीस वर्षं पोस्टात काढलेला माणूस दुसऱ्याचं पाकीट फोडणार नाही.

रविंद्रराव, मी शेषराव. अडतीस वर्षांत हे पहिलंच पाकीट फोडलं. बारकी खात नाही म्हणून तुमची ताईपण चार दिवसांपासून अर्ध्या भाकरीवर उठते, ते तिनं लिहिलं नाही. साहेबाला घेऊन जा. तो सकाळीच खातो, दाणे थोडे थोडे टाका, एकदम टाकले तर फुगतो. लग्न दुपारीच उरकेल, पण मी संध्याकाळपर्यंत येत नाही, मला त्याला नेताना बघवणार नाही. मांजराचं तिनं सांगितलं की मी खरं मानीन.